दोन इंचांची लबाडी

काचेपलीकडे बसलेल्या माणसाने बटण दाबलं आणि भिंगरी दचकली. तिने आवाज सोडलाच नव्हता!

कानाची तपासणी हे काही अवघड प्रकरण नाही. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेर बसून बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या. शिट्टी ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. गेली सहा वर्षं भिंगरी हेच करत होती. पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आत्ताच दादाने तिच्या मोबाइलवर एका गाडीचा फोटो पाठवला होता. लांबलचक, करड्या रंगाची, सरकत्या दाराची गाडी. खाली लिहिलं होतं, 'सगळ्यांना आवडलीय. तुला चालेल ना?' फोटो बघून तिने नुसते डोळे वर केले... आणि पलीकडे बटण दाबलं गेलं.

तिने माइक उघडला. "आवाज आला?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही वर बघितलंत."

"म्हणजे?"

"शिट्टी सोडली की तुम्ही वर बघता. एक भुवई जरा... अशी... उचलली जाते. मग मी दाबतो."

भिंगरीने जीभ चावली. पेशंटची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची असते आणि आज ती वळवायची राहूनच गेली होती. हा गृहस्थ पंधरा मिनिटं कानांऐवजी डोळ्यांनी परीक्षा देत होता. कागदावर त्याचे कान तान्ह्या बाळासारखे तल्लख आले होते.

"म्हणजे तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं?"

"पहिल्या चार-पाच शिट्ट्या आल्या की. पुढे म्हटलं, बघायला मिळतंय तर कानांना कशाला त्रास द्या..."

"भिंतीकडे तोंड करून बसा," भिंगरी म्हणाली. आवाजात जरब होती, पण माइक बंद केल्यावर तिला हसू आलं. सकाळपासूनचं पहिलंच.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा खरं काय ते कळलं. उजवा कान थोडा उतरला होता. आवाजाच्या जागी काम करणाऱ्यांचा उतरतो तसा.

"काम काय करता?" तिने कागद भरता भरता विचारलं.

"गाड्यांमध्ये सीट बसवतो. वळत्या सीट. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी. सीट दाराकडे वळते, बाहेर येते, खाली उतरते. माणूस घरच्या खुर्चीत बसावं तसा बसतो आणि सीट त्याला आत घेऊन जाते."

भिंगरीचं पेन थांबलं.

"खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस बसेल त्यात?"

"त्यांच्यासाठीच तर करतो," तो म्हणाला. "का हो... कुणाला हवीय?"

हवी होती बाबांना. सात आठवड्यांपूर्वी बाबांचा खुबा बदलला होता. घरी आणलं ते अ‍ॅम्ब्युलन्सने, आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते, कारण घरात गाडी होती ती एकच, आणि ती भिंगरीची. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. मागची सीट नावाला. तिथे पर्स नीट बसायची. भिंगरीने ती स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि तिच्यावर तिचा जीव होता. दिवसभर त्या बंद, निःशब्द खोलीत बसल्यावर संध्याकाळी ती चावी फिरवायची आणि इंजिन गुरगुरलं की तिच्या अंगातली सगळी चुळबुळ एकदम पायांत उतरायची. लहानपणापासून एका जागी बसली नाही म्हणून तर तिला भिंगरी म्हणत. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तिथेच राहिलं.

आता वहिनीला दिवस गेले होते, आणि ते सुद्धा जुळ्यांचे. बाबांना वाकता येत नव्हतं. आत्या कायमची राहायला आली होती. दादा गाडी चालवण्याच्या परीक्षेत चारदा नापास झाला होता आणि पाचव्यांदा बसायचं नाही असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. राहिली भिंगरी. मोठी गाडी घ्यायची, लाल गाडी विकायची, हे जेवणाच्या टेबलावर ठरलं तेव्हा रंगावर चर्चा झाली, पडद्यांवर झाली. लाल गाडीसाठी गिऱ्हाईकही तयार होतं. समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर दोन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. नवी गाडी दारात आली की ही घेऊन जाणार होता. शेवटी सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली. तिचं हे नेहमीचं. सगळ्याला चालेल.

आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नाही, धड भूक नाही. बसली की पाय हलायचा, पाय थांबला की बोटं टेबलावर वाजायची. आतून काहीतरी सारखं ओरडत होतं आणि बाहेर तोंड म्हणत होतं, चालेल.

* * *

त्या माणसाला घरात सगळे सीटवाला म्हणू लागले. त्याच्या कामाची एक तऱ्हा होती. गाडी घ्यायच्या आधी तो सगळ्या घराला आपल्या वर्कशॉपमध्ये बोलवायचा. तिथे जमिनीवर खडूने गाड्या काढलेल्या असत, अगदी खऱ्या मापाच्या. प्रत्येक सीटच्या जागी एक स्टूल. "बसा अर्धा तास," तो म्हणायचा. "भांडणं इथे होऊन जाऊ देत. नंतर गाडी बदलता येत नाही."

रविवारी सकाळी सगळे टॅक्सीने गेले. बाबा सोडून. त्यांच्या स्टुलावर आईने त्यांची जुनी काठी आडवी ठेवली, म्हणजे जागा कुणी घेणार नाही.

"मी खिडकीशी," आत्याने जाहीर केलं. "मला मळमळतं."

"मला दाराशी हवं," वहिनी म्हणाली. "दर अर्ध्या तासाला उतरावं लागतं मला."

"ह्या गाडीत गुडघे लागतायत," दादा मागच्या रांगेतून कुरकुरला.

"तुझे गुडघे बाजूला ठेव, जुळी कुणाच्या मांडीवर बसतील ते बघ," आई म्हणाली.

पहिली गाडी आत्याला अरुंद वाटली. दुसरीत वहिनीला दारातून आडवं व्हावं लागत होतं. तिसऱ्या खडूत सगळे बसले, दोन पुढे, तीन मधे, दोन मागे, आणि वीस मिनिटं यथेच्छ भांडून झाल्यावर शांतता पसरली. हीच ती करडी, सरकत्या दाराची.

भिंगरी स्टिअरिंगच्या जागेच्या स्टुलावर बसून होती. एक पाय हवेतच क्लच दाबत होता.

"एक गंमत बघितली?" सीटवाला तिच्या शेजारी उकिडवा बसत हळूच म्हणाला. "सहा जागांसाठी भांडण झालं. तुमच्या जागेसाठी कुणीच नाही भांडलं."

"दुसऱ्या कुणाला गाडी येतच नाही."

"मग निदान तुम्ही तरी भांडायचं."

"कुणाशी?"

"ते मी कसं सांगू?" तो म्हणाला. "मी फक्त सीट बसवतो. आणि एक सांगू... ह्या गाडीला क्लच नसतो."

भिंगरीने पाय झटकन मागे घेतला. कान लाल झाले, आणि ते त्याने बघितलं, आणि त्याने बघितलेलं तिने बघितलं.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी चालवून बघताना तो शेजारी होता. भिंगरीने पहिलंच वळण सवयीने घेतलं आणि मागे कुठेतरी काहीतरी धाडकन पडलं.

"दिवाणखाना चालवल्यासारखं वाटतंय," ती वैतागून म्हणाली. "सोफ्यासकट."

"हिला वळवायचं नसतं. आधी सांगायचं असतं, बाई गं, आपण आता वळणार आहोत. मग ती विचार करते. मग वळते."

"आणि घाई असेल तर?"

"घाई असेल तर तुमच्याकडे लाल आहे ना... अजून."

त्या 'अजून'वर भिंगरीने पुढचं वळण चुकवलं.

* * *

गाडी ठरली, वर्कशॉपमध्ये येऊन उभी राहिली. राहिली फक्त बाबांची सीट. त्यासाठी बाबांचं माप हवं होतं: कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. सीटवाल्याने छापील कागद दिला. घरी जाऊन माप घ्या, म्हणाला, बाकी मी बघतो.

आता बाबा म्हणजे चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. त्यांनी स्वतःच टेपचं एक टोक गुडघ्यावर धरलं, दुसरं भिंगरीने टाचेवर. "अठरा," बाबा म्हणाले. भिंगरीने कागदावर पेन टेकवलं. सीट बसली की गाडी घरी येणार. गाडी घरी आली की दातांचा डॉक्टर येणार. तिने लिहिलं, सोळा.

का लिहिलं? तिलाही सांगता आलं नसतं. पाय ठेवायची पट्टी दोन इंच वर येणार, चाचणीच्या वेळी चूक लक्षात येणार, पुन्हा करावी लागणार. आठवडा जाईल, दहा दिवस जातील. तेवढे दहा दिवस तिला हवे होते. मागायची सवय नसली की माणूस असा चोरतो.

आणि गंमत म्हणजे कुणी चूक काढलीच नाही. सीटवाला म्हणायचा, फोम यायचाय. मग म्हणाला, वेल्डर रजेवर आहे. मग म्हणाला, कापडाचा रंग मनासारखा नाही. भिंगरी दवाखाना सुटला की वर्कशॉपला जायची, 'काम कुठवर आलंय बघायला'. काम कुठवरही आलेलं नसायचं. मग ती स्टुलावर बसून पाय हलवत बोलायची आणि तो कानांवरची आवाज अडवणारी नवी जाड टोपणं काढून ऐकायचा.

"ती घालून काम करायचं असं सांगितलं होतं मी."

"काम करताना घालतोच. तुम्ही आलात की काढतो. नाहीतर तुमचं ऐकू कसं येणार?"

"मी काही महत्त्वाचं बोलत नसते."

"ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

एका सुटीच्या सकाळी सीटचं कापड आणायला गावाबाहेरच्या गिरणीत जायचं होतं. भिंगरीने त्याला लाल गाडीत बसवलं. म्हणजे, बसवायला बराच वेळ लागला. तो उंच, गुडघे हनुवटीशी आले.

"एवढी माणसं आरामात बसवतो मी," तो पुटपुटला, "आणि माझ्यावर ही वेळ."

टेकडीचा रस्ता सुरू झाला आणि भिंगरी बदलली. पाऊस भुरभुरत होता, डांबर काळंभोर चमकत होतं. तिचा हात गिअरवर असा पडत होता जसा पेटीवाल्याचा सुरांवर पडतो. वळणाआधी इंजिन एकदा हुंकारायचं, मग गाडी रस्त्याला चिकटून सुळकन फिरायची, आणि भिंगरीच्या तोंडून नकळत एक बारीक "हां..." निघायचा. सीटवाल्याने वरचा दांडा घट्ट धरला होता. पण तो रस्त्याकडे बघत नव्हता.

"घाबरलात?" तिने ओरडून विचारलं.

त्याने कान तिच्याकडे केला, हसला, मान हलवली. इंजिनापुढे त्याला काही ऐकू आलेलं नव्हतं. माथ्यावर तिने गाडी थांबवली, चावी फिरवली आणि एकदम इतकं शांत झालं की टपावर पडणारे थेंब मोजता आले असते.

"घाबरलात का, असं विचारलं."

"थोडा. गाडीला नाही." तो थांबला. मग म्हणाला, "एक विचारू? तुम्हाला काय हवंय?"

"म्हणजे?"

"बाबांना सीट हवीय. आत्याबाईंना खिडकी हवीय. तुम्हाला काय हवंय?"

भिंगरीने तोंड उघडलं. ही गाडी. हा रस्ता. बाबा पुन्हा बाहेर पडायला हवेत, आणि वहिनीची पोरं मागे दंगा करायला हवीत, आणि तुम्ही... पण सवयीने बाहेर पडलं ते एवढंच, "काहीही. मला काहीही चालतं."

त्याने मान फिरवून काचेबाहेर बघितलं. परतीच्या वाटेवर दोघेही फारसं बोलले नाहीत. कापड मात्र चांगलं मिळालं.

* * *

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी दवाखान्यातली वीज गेली आणि भिंगरी दुपारीच घरी आली. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पायांत बूट. नाड्या बांधलेल्या.

"कुठे निघालात, बाबा?"

"कुठे नाही गं," ते गडबडले. "सहजच... बूट घालायची सवय मोडू नये म्हणून."

स्वयंपाकघरात आईने सांगितलं. "रोज बसतात असे. सीट आज होईल, उद्या होईल. नाड्या मी बांधते, संध्याकाळी मीच सोडते."

भिंगरीला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. ती आल्या पावली बाहेर पडली. वर्कशॉपपर्यंतचा रस्ता कसा संपला, तिला कळलंही नाही. सीटवाला एका चौकटीला पॉलिश करत होता. तिला बघून त्याने टोपणं काढली.

"माप चुकीचं आहे," ती धापा टाकत म्हणाली. "अठरा आहे. मी सोळा लिहिलं. मुद्दाम लिहिलं. माझी गाडी जाऊ नये म्हणून. काय बोलायचं ते बोला मला, पण सीट आज करा."

तो उठला, कपाटाच्या वरून कापडात गुंडाळलेली एक चौकट काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"अठराचीच आहे," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात केली."

"काय?"

"बाबांची काठी बघितली होती मी स्टुलावर. तेवढी लांब काठी वापरणाऱ्या माणसाचा पाय सोळा कसा असेल? चूक असेल म्हटलं, विचारू. मग तुम्ही संध्याकाळी आलात. दुसऱ्या दिवशीही आलात. म्हटलं, सीट झाली की ह्या कशाला येतील..." त्याचा आवाज बारीक झाला. "फोम पहिल्या दिवसापासून इथेच आहे. वेल्डरसुद्धा. मला तुम्ही रोज यायला हव्या होतात. बस. एवढंच."

हे ऐकायला तिचा जीव किती दिवस आसुसला होता! आणि ऐकलं ते असं.

"म्हणजे मी एक लबाड आणि तुम्ही दुसरे," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि रागही मावत नव्हता. "आपण दोघांनी मिळून एका माणसाला तीन आठवडे खिडकीत बसवलंय. बूट घालून! आता एक अक्षर बोलू नका. सीट बसवा."

त्याने सीट बसवली. तासाभराचं काम. ती पाने-पक्कड हातात देत राहिली. निघताना तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मॅडम, पहिले काही दिवस सीट हळू वळवा."

मॅडम!

* * *

दारात करडी गाडी उभी राहिली. सीट वळली, बाहेर आली, खाली उतरली. बाबा तिच्यात बसले आणि झोपाळ्यावर बसल्यासारखे आत गेले. आई मागून दहा सूचना देत होती. भिंगरीने गाडीला आधी सांगितलं, मग वळवलं.

बाबा उंचावरून रस्ता बघत होते. "अरे, चष्म्याचं दुकान गेलं वाटतं इथलं," ते म्हणाले. "आणि हे झाड केवढं झालं!" भिंगरीला राहवेना. तळ्याच्या कडेला तिने गाडी थांबवली आणि सगळं सांगून टाकलं. अठरा, सोळा, लाल गाडी, सगळं.

बाबांनी पँटची इस्त्रीची घडी बोटांनी सरळ केली.

"चाळीस वर्षं लोकांची मापं लिहिली मी," ते म्हणाले. "मी अठरा म्हटलं आणि तू सोळा लिहिलंस, ते मला दिसणार नाही?"

"बाबा! मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू मागितलं असतंस तर थांबलोच असतो की मी. नाही मागितलंस, तरी म्हटलं, पोरगी अजून थोडे दिवस चालवतेय तर चालवू दे." मग घसा खाकरून म्हणाले, "पण दोन इंचांना तीन आठवडे लागत नाहीत. त्याने का लावले?"

"फोम... नव्हता."

"उगीच काहीतरी सांगू नकोस. कपडा मुद्दाम उशिरा देणारा शिंपी मला लांबून ओळखू येतो. तुझी आई एका ब्लाउजसाठी दुकानात पाच वेळा आली होती. पहिल्याच दिवशी शिवून झाला होता. मी आपला काज राहिलंय, हूक राहिलाय..."

"मग?"

"मग काय, पाचव्यांदा तीच म्हणाली, ब्लाउज ठेवा तुमच्याकडेच, मला तुम्ही पसंत आहात. ती बोलली म्हणून जमलं. माझं तर सगळं 'चालेल'वरच चाललं असतं. तू माझ्यावर गेलीयेस गं ह्याबाबतीत. तेवढं वाईट वाटतं."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर भिंगरी उभी राहून बोलली. बसून जमलंच नसतं. "लाल गाडी मी विकतेय. तुम्ही ठरवलंत म्हणून नाही, बाबांसाठी मीच ठरवलंय म्हणून. मला खूप वाईट वाटतंय आणि मी रडणार आहे, कुणी समजूत घालायची नाही. दादा, सोमवारपासून तू गाडी शिकणार. मी शिकवणार. नापास झालास तर सहाव्यांदा बसायचं. आणि मी रोजची ड्रायव्हर नाही."

दादाचा घास हातात राहिला. आत्या म्हणाली, "बघा, बोलते की ही!"

रविवारी दातांचा डॉक्टर आला. पहिलाच गिअर त्याने असा खरवडला की भिंगरीने डोळे मिटून घेतले. कोपऱ्यावरून लाल रंग नाहीसा झाला, मग आवाजही गेला. ती ठरल्याप्रमाणे रडली. करड्या गाडीवर तिचं प्रेम वगैरे काही बसलेलं नव्हतं, पुढे बसेल असंही वाटत नव्हतं.

तासाभराने सगळे गाडीत बसले. बाबांना नदीवरचं धरण बघायचं होतं. सीटवाल्याला आत्याने परस्पर बोलावलं होतं, "लांबच्या प्रवासात सीट कशी चालते ते तुम्ही बघायला नको?" बाबा पुढे. मधे आई, वहिनी आणि आत्या. शेवटच्या रांगेत दादा आणि सीटवाला, दोघांचेही गुडघे वर. आठवडाभर तो 'हो मॅडम, नाही मॅडम' यापलीकडे गेला नव्हता. आरशात भिंगरीला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता, काचेबाहेर बघणारा.

पाऊस टपावर वाजायला लागला. आत्या कुणाच्या तरी लग्नातली हकिगत सांगत होती. भिंगरीचा पाय चुळबुळत होता, बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. धरणावर बोलू... नको, परतताना... नको, उद्या फोनवर... आणि उद्या तो पुन्हा मॅडम म्हणेल. तिने आरशात बघितलं आणि श्वास घेतला.

"अहो, ऐका!"

"कोण, मी?" आत्याने विचारलं.

"तुम्ही नाही. शेवटच्या रांगेतले." तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "मला तुम्ही आवडता. सीट झाली, काम संपलं, तरी मला तुम्ही रोज हवे आहात. मी मागून घेतेय. हो किंवा नाही, स्पष्ट सांगा."

आत्याची हकिगत तिथेच राहिली. बाबा समोरच्या काचेकडे असे बघू लागले जसं काही तिथे वर्तमानपत्र होतं.

"काय म्हणाल्या त्या?" मागून आवाज आला. पाऊस, टप आणि दोन रांगांचं अंतर.

वहिनी पोट सांभाळत वळली. "ती म्हणतेय, तुम्ही तिला—"

"अहो, तुम्ही आवडता म्हणतेय ती तुम्हाला!" आत्या ओरडली. "रोज हवे आहात म्हणे! आता लिहून देऊ का?"

भिंगरीने वायपरचा वेग वाढवला. मग तो पुढे वाकून आत्याच्या कानाशी काहीतरी बोलला.

"तो म्हणतोय," आत्या म्हणाली, आणि चक्क लाजली, "गाडी थांबव. हे माझ्यामार्फत सांगण्यासारखं नाही म्हणतोय."

भिंगरीने गाडी कडेला घेतली. दार सरकलं. पण शेवटच्या रांगेतून बाहेर यायचं तर मधल्या रांगेने आधी उतरायला हवं. आत्या पर्स डोक्यावर धरून उतरली. वहिनीला आईने हात दिला. सीट दुमडली, ती अडकली, दादाने ओढली, मग दादा उतरला आणि शेवटी तो. सगळं घर पावसात रस्त्याच्या कडेला ओळीने उभं राहिलं आणि तो गाडीला वळसा घालून तिच्या खिडकीशी आला. केसांतून पाणी निथळत होतं.

भिंगरीने काच खाली केली. बाबा दुसरीकडे बघू लागले.

"हो," तो म्हणाला. "स्पष्ट सांगतोय. हो. तुमच्या शेजारची जागा बाबांची आहे, ती मला नको. मला ती मागची कोपऱ्यातली सीट द्या. कायमची."

"गुडघे दुखतील," ती म्हणाली. हसू आणि रडू एकाच वेळी येत होतं.

"दुखू देत. मला तीच हवीय." आणि त्याने खिडकीच्या कडेवर ठेवलेल्या तिच्या बोटांवर आपला ओला हात ठेवला. बोटं वाजायची थांबली.

"झालं का तुमचं?" पलीकडून आत्या ओरडली. "आम्ही भिजतोय इथे!"

सगळ्यांना पुन्हा आत चढायला पुरी सात मिनिटं लागली. आधी तो, मग दादा, मग अडकलेली सीट, मग आत्या, वहिनी, आई आणि आत्याची राहिलेली एक चप्पल. भिंगरीने एकदाही हॉर्न वाजवला नाही.